नालायकांचा इतिहास हसत कसा सांगायचा: विनोदी इतिहास पॉडकास्टचा एक भाग, माणूस निवडण्यापासून प्रसारणापर्यंत

१९१८ साली अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या मिलफर्ड या लहानशा गावात जॉन ब्रिंकली नावाच्या डॉक्टरने एका शेतकऱ्याच्या अंडकोषात बोकडाची ग्रंथी बसवली. याने पौरुष परत येतं, असा त्याचा दावा होता. पुढे ७५० डॉलर घेऊन तो हेच ऑपरेशन एकामागून एक करू लागला. दवाखान्याच्या मागे बोकड बांधलेले असायचे आणि पेशंटला आपला बोकड स्वतः निवडता यायचा. हे कुणालाही सांगा, तो हसतोच. मग सांगा की १९३० साली त्याचं लायसन्स काढून घेण्यासाठी सुनावणी झाली, तोवर त्याने ४२ मृत्यू-दाखल्यांवर सह्या केल्या होत्या, आणि त्यातले बरेच जण दवाखान्यात आले तेव्हा आजारी नव्हते. समोरच्याचं हसू तिथेच थांबतं.

इतिहासातल्या सगळ्यात वाईट माणसांवरचा विनोदी पॉडकास्ट या दोन क्षणांवर उभा असतो. इंग्रजीत हा प्रकार चांगला रुजला आहे: एक जण भरपूर वाचून येतो, दुसऱ्याला गोष्ट ठाऊक नसते, आणि तासाभरात एका नालायक माणसाचं आयुष्य उलगडतं. मराठीला हे परकं नाही. पोवाड्यात शाहीर गातो आणि झीलकरी ‘जी जी’ करत त्याला पुढे नेतो. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या राजालाही सोडत नाही. मी आणि माझी एक मैत्रीण काही वर्षं घरच्या घरी असे भाग करत आहोत. त्यातून बसलेली पद्धत इथे लिहिते आहे. उदाहरण म्हणून मुख्यतः ब्रिंकलीच घेते, कारण त्याच्या गोष्टीत या कामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी येतात.

माणूस कसा निवडायचा

नुसता विक्षिप्त माणूस चालत नाही आणि नुसता क्रूरही चालत नाही. मी चार प्रश्न विचारते. त्याच्या हातात सत्ता होती का, मग ती गादीची असो, पैशाची, पदवीची किंवा माइकची? वेगळं वागायची संधी असताना त्याने हेच निवडलं का? त्याच्या कृत्यांचे कागद शिल्लक आहेत का? आणि त्याच्या स्वतःच्या वागण्यात हसण्यासारखं, म्हणजे फुशारकी, भित्रेपणा, ढोंग असं काही आहे का? चौथ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर तो विषय सोडते. तो महत्त्वाचा असेलही, पण त्यासाठी गंभीर कार्यक्रम हवा.

ब्रिंकली चारही प्रश्नांना उतरतो. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्डही उतरतो. १८८५ ते १९०८ या काळात काँगो त्याची खासगी मालमत्ता होती, तिथे रबरासाठी लोकांवर अनन्वित अत्याचार झाले, आणि राजाला मात्र सर्दीची इतकी धास्ती की पावसात बाहेर पडताना तो दाढीला पिशवी बांधायचा.

घरचा विषय हवा असेल तर पुण्याचा वॉल्टर चार्ल्स रँड आहे. पण तिथे जपून. १८९७ चा प्लेग खरा होता, रोग्यांना वेगळं ठेवण्यामागे वैद्यकीय कारण होतं, आणि तरीही सैनिकांनी घराघरांत घुसून जे केलं त्याचा राग रास्त होता. हे तिन्ही एकाच भागात धरता येत नसेल तर रँडला हात लावू नका. घाशीराम कोतवालाची अडचण वेगळी आहे. मराठी माणसाला घाशीराम म्हटलं की १९७२ चं नाटक आठवतं, १७९१ चे कागद नाहीत. तो भाग करायचा तर पहिले दोन आठवडे नाटक डोक्यातून काढण्यात जातील, हे धरूनच चाला.

पहिल्या भागासाठी हयात माणूस घेऊ नका. त्याचं कारण कायद्याच्या टप्प्यावर येईल.

वाचन: कुणाचे पैसे, कुणाचा कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो जायलाच हवा. एक तासाच्या भागासाठी माझं साधारण तीस ते चाळीस तास वाचन होतं. विश्वकोशातलं पान फक्त कच्चा नकाशा म्हणून वापरा. त्यातलं एकही वाक्य तिथूनच उचलून माइकवर बोलू नका.

प्रत्येक स्रोताला पहिला प्रश्न: याचे पैसे कुणी दिले? १९३४ साली ब्रिंकलीचं एक चरित्र निघालं. ते त्याने स्वतः लिहवून घेतलं होतं. पहिल्या ऑपरेशनची लोकप्रिय गोष्ट, म्हणजे शेतकऱ्याने गयावया केली आणि डॉक्टरने नाइलाजाने होकार दिला, ही ब्रिंकलीच्या बाजूने आलेली आहे. त्या शेतकऱ्याच्या मुलाने नंतर वर्तमानपत्राला सांगितलं की या प्रयोगाला तयार व्हावं म्हणून ब्रिंकलीनेच वडिलांना पैसे देऊ केले होते. दोन्ही बाजू भागात सांगा, आणि कोणती कुणाची हेही सांगा. ऐकणाऱ्याला यातच खरी गंमत येते, कारण भामटेगिरीचं यंत्र आतून कसं चालतं ते त्याला दिसतं.

नालायक माणसांच्या बाबतीत न्यायालयीन कागदांसारखा दुसरा स्रोत नाही. ‘अमेरिकन मेडिकल असोसिएशन’च्या नियतकालिकाचे संपादक मॉरिस फिशबाइन यांनी १९३८ साली ब्रिंकलीला भोंदू डॉक्टर ठरवणारा लेख लिहिला. ब्रिंकलीने अडीच लाख डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. १९३९ साली टेक्सासमधल्या डेल रिओत, म्हणजे तो तेव्हा राहत होता त्याच गावात खटला चालला आणि ज्युरीने फिशबाइन यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलाचा १९४० चा निकाल इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्याच्या धंद्याची उलटतपासणी सरकारी दप्तरात गेली ती त्याने स्वतः दावा लावल्यामुळे. भागाचा शेवटचा अंक असा आयता मिळतो.

अमेरिकी विषयांसाठी ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’चा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह आणि ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या दोन जागा विनामूल्य आहेत. पेशवाईतला विषय असेल तर पुण्याचं पेशवे दप्तर आणि १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. मोडी वाचता येत नसेल तर छापून आलेल्या निवडक कागदांपासून सुरुवात करा.

कागद नसणं हाही पुरावा असू शकतो. १९०८ साली काँगो बेल्जियम सरकारच्या ताब्यात जाण्याआधी ब्रुसेल्समध्ये तिथलं दप्तर आठ दिवस जाळलं जात होतं. म्हणून मृतांचा आकडा सांगताना काळजी घ्या. ‘एक कोटी’ हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो अंदाज आहे. लिओपोल्डच्या काळात तिथे जनगणनाच झालेली नव्हती. अंदाज आहे असं म्हणून सांगितलात तर ऐकणारा तुमच्या पुढच्या शंभर वाक्यांवर विश्वास ठेवतो.

व्यवहारात मी एक साधा तक्ता ठेवते: वाक्य, स्रोत, पान, आणि रंग. हिरवा म्हणजे दोन स्वतंत्र स्रोत, पिवळा म्हणजे एकच, लाल म्हणजे दंतकथा. लाल गोष्टी टाकून देत नाही. पण त्या ‘अशी दंतकथा आहे’ असं म्हणूनच माइकवर येतात.

गोष्टीची बांधणी

जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ सांगितलंत तर पंधराव्या मिनिटाला लोक निघून जातात. कीर्तनाची चौकट आठवा. पूर्वरंगात मुद्दा मांडला जातो, उत्तररंगात त्यावर आख्यान लागतं. भागाच्या सुरुवातीलाच या माणसाने नेमकं काय केलं ते सांगून टाका आणि मग ‘हे त्याला करू कुणी दिलं?’ या प्रश्नाभोवती आख्यान बांधा. नालायक माणूस एकटा कधीच नसतो. त्याचे हिशेबनीस असतात, दलाल असतात, डोळेझाक करणारे असतात. भागात त्यांना जागा दिली नाही तर गोष्ट एका राक्षसाची होऊन बसते आणि ऐकणारा निर्धास्त घरी जातो.

ब्रिंकलीचा भाग आम्ही असा बांधला. सुरुवात बोकडांपासून, आणि पहिली दहा मिनिटं मनसोक्त हसणं. मग लगेच एक अडचणीची गोष्ट: १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत हाच माणूस मिलफर्डमध्ये घरोघरी जाऊन रुग्ण तपासत होता आणि गावाला त्याचं अप्रूप होतं. हे गाळू नका. गावाने विश्वास का ठेवला याचं उत्तर यातच आहे.

मग रेडिओ. १९२३ साली त्याने ‘केएफकेबी’ हे स्टेशन काढलं. लोकांची पत्रं तो हवेवर वाचायचा आणि न बघितलेल्या रुग्णाला औषधाचा नंबर सांगायचा. त्या नंबरचं औषध ठरलेल्या केमिस्टांकडेच मिळायचं, आणि केमिस्ट बाटलीमागे एक डॉलर ब्रिंकलीला पाठवायचे. ही साखळी सावकाश, आकड्यांसकट सांगा. भागाचा कणा तीच आहे. ७५० डॉलरचे आजचे रुपये करत बसू नका, ऐकणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी त्या काळातली वस्तू शेजारी ठेवा: १९२५ च्या सुमाराला फोर्डची सगळ्यात स्वस्त मोटार ३०० डॉलरच्या आत मिळत होती.

यानंतर ते ४२ दाखले येतात, आणि इथे ग्रंथीचं विज्ञान दोन वाक्यांत सांगायचं. रक्तवाहिन्या जोडलेल्याच नसत, त्यामुळे बोकडाचं ते ऊतक शरीरात परकं म्हणून पडून राही. त्याचा उपयोग शून्य आणि जंतुसंसर्गाचा धोका खरा.

मग पुन्हा वेग. १९३० साली लायसन्स गेलं, रेडिओचा परवानाही गेला, आणि पठ्ठ्या गव्हर्नरपदाला उभा राहिला. मतपत्रिकेवर नाव छापलेलं नव्हतं, लोकांनी ते हाताने लिहायचं होतं. मोजलेली मतं १ लाख ८३ हजारांच्या वर गेली. निवडून आलेल्याला सुमारे २ लाख १७ हजार होती. ‘जे. आर. ब्रिंकली’ असं तंतोतंत लिहिलेलंच मत धरायचं, हा नियम मतदानाच्या तोंडावर लागला आणि त्याची बरीच मतं बाद झाली. इथे पाहुण्याला विचारा: नियम बदलणं योग्य होतं का? वाईट माणसाला अडवायला वाकडी वाट घेतली तर काय म्हणायचं? आमच्या भागातली सगळ्यात चांगली सहा मिनिटं याच प्रश्नावर झाली, आणि ती आधी लिहिलेली नव्हती.

तिथून मेक्सिकोची सीमा. अमेरिका आणि कॅनडा यांनी रेडिओच्या लहरी आपसात वाटून घेतल्या होत्या, मेक्सिकोच्या वाट्याला काही ठेवलं नव्हतं. त्या रागातून मेक्सिकोने ब्रिंकलीला परवाना दिला आणि १९३१ साली व्हिला आकुन्यात, डेल रिओच्या अगदी समोर, त्याचं नवं दणदणीत स्टेशन सुरू झालं. शेवटी खटला, १९४१ चं दिवाळं आणि १९४२ चा मृत्यू. हे झपाट्याने उरकायचं.

हसायचं कुणावर

या लेखातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ब्रिंकलीच्या गोष्टीत सगळ्यात सोपा विनोद त्याच्या पेशंटांवर आहे: म्हातारे शेतकरी, पौरुषाची चिंता, बोकड. आमच्या पहिल्या मसुद्यात असे अकरा विनोद होते. मैत्रिणीने ते वाचून विचारलं, ‘या माणसांनी तक्रार का केली नाही?’ लाजेने. चारचौघांत हसं होईल या भीतीने. म्हणजे ब्रिंकलीचा धंदा ज्या लाजेवर चालला तीच लाज आम्ही शंभर वर्षांनी पुन्हा वापरत होतो. अकराही विनोद काढले. त्यांच्या जागी त्याच्या फुशारकीवरचे, त्याच्या पदवीवरचे, स्वतःच लिहवून घेतलेल्या चरित्रावरचे विनोद आले. ते जास्त चांगले जमले, कारण तिथे साहित्यच भरपूर होतं.

तेव्हापासून संहितेतल्या प्रत्येक विनोदासमोर मी पेन्सिलीने लिहिते: हा कुणाला लागतो? उत्तर ‘ज्याच्या हातात सत्ता होती त्याला’ असेल तर ठेवायचा.

काही ठिकाणी विनोद बंदच. लिओपोल्डच्या भागात दाढीच्या पिशवीवर हसा, राजाच्या भव्य तीनचाकी सायकलवर हसा. पण १९०४ साली ॲलिस सीली हॅरिस यांनी काढलेला फोटो येतो, न्साला नावाचा बाप आपल्या बोआली या पाच वर्षांच्या मुलीचा तोडलेला हात आणि पाय समोर ठेवून बसलेला, तिथून आम्ही अकरा मिनिटं एकही विनोद केला नाही. नावं मुद्दाम घ्या. नालायक माणसाचं नाव भागात दोनशे वेळा येतं. ज्याने भोगलं त्याचं निदान दहा वेळा यावं.

मराठीत करताना शब्दांचीही चाळण लागते. आपल्या बहुतेक शिव्या कुणाच्या तरी आईबहिणीवर जातात. त्या नकोत. ‘चांडाळ’ हे एका जातीचं नाव आहे. ‘भामटा’ हेही एका समाजाचं नाव आहे, आणि त्या समाजावर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. वर मी ‘भामटेगिरी’ लिहिलं, ते सवयीने आलं. माइकवर मी आता लबाड, हलकट, नालायक, ढोंगी, नीच हेच शब्द वापरते आणि त्यांनी पुरेसं भागतं. टक्कल, उंची, वजन, बोलण्याची ढब यावरही काही नाही. माणसाने केलेलं इतकं वाईट आहे की त्याच्या शरीराकडे जायची गरजच पडत नाही.

झीलकरी, म्हणजे पाहुणा

पाहुण्याला विषय आधी सांगू नका. फक्त एवढं सांगा: ‘यात लहान मुलांवरचे अत्याचार आहेत’ किंवा ‘वैद्यकीय वर्णन आहे, चालेल ना?’ होकार आला तरच बोलवा. नेहमी विनोद करणाऱ्यापेक्षा ‘पण का?’ विचारणारा पाहुणा चांगला. माझी एक नर्स मावसबहीण आतापर्यंतची सर्वोत्तम पाहुणी ठरली. बोकडाच्या ग्रंथीबद्दल तिने टाका, जखम, पू असे प्रश्न विचारले आणि मला उत्तरं शोधायला पुन्हा वाचनाकडे जावं लागलं.

एक तासाच्या भागाला माझी संहिता साडेचार ते पाच हजार शब्दांची असते. उरलेला वेळ पाहुण्याचा. संहिता बोलीत लिहा आणि मोठ्याने वाचून बघा. जिथे अडखळता तिथलं वाक्य पुस्तकी आहे.

रेकॉर्डिंग

महागडा स्टुडिओ लागत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं टाका, मागच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगा, फरशीवर सतरंजी घाला. पंखा आणि एसी बंद. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांची वेळ ओळखून ठेवा, आमच्याकडे ती सकाळी अकराची. दोघांना दोन वेगळे डायनॅमिक माइक आणि दोन वेगळे ट्रॅक हवेतच, नाहीतर हसण्याखाली बुडालेलं वाक्य नंतर वाचवता येत नाही. पाहुणा दुसऱ्या गावी असेल तर त्याने आपल्याकडे वेगळं रेकॉर्ड करायचं आणि सुरुवातीला दोघांनी एकदम टाळी वाजवायची. त्या टाळीवर दोन्ही ट्रॅक जुळवता येतात.

पातळी लावताना सगळे ‘हॅलो, वन टू’ म्हणतात. विनोदी पॉडकास्टला ते पुरत नाही. पाहुण्याला खरंखुरं हसवा आणि त्या हसण्याचं टोक उणे सहा डेसिबलच्या आत राहील असा गेन, म्हणजे माइकचा आवाज पकडण्याचा जोर, ठेवा. नाहीतर भागातला सगळ्यात चांगला क्षणच फाटलेला ऐकू येतो. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. शेवटी अर्धा मिनिट खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवा, जोडकामाला लागते.

संकलन

‘ऑडॅसिटी’ फुकट आहे आणि पुरेसं आहे. अडखळणं कापा, पाहुण्याचं वाक्य झाकणारं तुमचं स्वतःचं हसणं कापा. पण जड गोष्टीनंतर आलेली शांतता कापू नका. ४२ दाखल्यांनंतर माझी बहीण चार सेकंद काहीच बोलली नाही. ते चार सेकंद तसेच ठेवले. त्या जागी संगीतही घातलं नाही.

अंतिम आवाज स्टिरिओला उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणि टोक उणे एक डेसिबलच्या खाली ठेवा. मग तक्ता हातात घेऊन पूर्ण भाग एकदा ऐका आणि बोललेलं प्रत्येक नाव, साल, आकडा त्याच्याशी ताडून बघा. गप्पांच्या ओघात आकडे फुगतात. माझ्या तोंडून ७५० चे एकदा ‘हजारभर’ झाले होते.

कायदा आणि भावना

मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही, हा गैरसमज आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार मृत व्यक्तीवरचा आरोपही बदनामी ठरू शकतो, जर तो ती हयात असती तर तिच्या लौकिकाला धक्का देणारा असेल आणि कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला असेल. धार्मिक भावनांसाठी कलम २९९ वेगळं आहे. म्हणून नजीकच्या काळातला भारतीय विषय घेताना प्रत्येक आरोप कागदावर टेकवा, आणि शंका असेल तिथे वकिलाला दाखवा. हयात माणसाबाबत धोका अर्थातच कितीतरी मोठा. हक्कांचं म्हणाल तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे उतारे लहान ठेवा आणि श्रेय बोलूनच द्या.

प्रसारण आणि दुरुस्ती

कुठल्याही होस्टिंग सेवेवर फाइल चढवली की ती आरएसएस फीड, म्हणजे नवा भाग ॲपपर्यंत आपोआप पोचवणारी लिंक, देते, ती एकदा सगळ्या ॲपना जोडायची. मुखचित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. शीर्षक देवनागरीत, आणि त्यात विनोदापेक्षा त्या माणसाचं नाव महत्त्वाचं, कारण लोक तेच शोधतात. वर्णनात स्रोतांची पूर्ण यादी आणि कुठल्या मिनिटापासून कठीण मजकूर आहे ते लिहा.

चूक होणारच, त्याची पद्धत आधी ठरवून ठेवा. लिओपोल्डच्या भागात बोलण्याच्या ओघात मी ‘तो काँगोत गेला तेव्हा’ असं म्हणून गेले. तो कधीच काँगोत गेला नव्हता, आणि सगळी गोष्टच त्यावर उभी आहे. एका श्रोत्याने तीन ओळींचा मेल पाठवला. आम्ही पुढच्या भागाच्या पहिल्याच मिनिटात, संगीताच्याही आधी, चूक काय होती आणि बरोबर काय ते सांगितलं. मूळ फाइलमध्ये ते वाक्य नव्याने रेकॉर्ड करून बदललं, वर्णनात बदलाची तारीख टाकली, आणि त्या श्रोत्याला नवी फाइल आधी ऐकायला पाठवली. त्याने आणखी एक चूक काढली.